हमालाचा मालक कोण?

आपल्या तालुक्याच्या बाजार समितीच्या आवारात आपण पुष्कळदा गेला असाल. ज्वारीची किंवा कांद्याची गाडी येऊन उभी राहते. अडत्याचा माणूस हाक मारतो, आणि दहाबारा जण पुढे होतात. डोक्यावर चुंबळ, हातात लोखंडी आकडी. तासा-दीड तासात गाडी रिकामी होते, पोत्यांची थप्पी लागते, आणि ही माणसे पुढच्या गाडीकडे वळतात. हे दृश्य इतके नेहमीचे आहे, की त्यात विचार करण्यासारखे काही असेल असे आपल्याला वाटतच नाही.

पण एक साधा प्रश्न विचारून पाहा. या हमालाचा मालक कोण?

शेतकऱ्याला विचारले तर तो म्हणेल, "मी कसला मालक? मी माल विकायला आलोय." अडत्या म्हणेल, "माझ्याकडे तो तासभर होता, आता पलीकडच्या दुकानात आहे." गाडीवाला म्हणेल, "मी फक्त भाडं घेतो." खरेदीदार तर अजून आलेलाही नसतो. म्हणजे ओझे सर्वांचे, पण ओझे वाहणारा मात्र कुणाचाच नाही. गिरणीतल्या कामगाराचे तसे नसते. त्याला एक फाटक असते, एक हजेरीपत्रक असते, आणि पगार देणारा एक धनी असतो.

हा प्रश्न काही शब्दांचा खेळ नाही. आपल्याकडे कामगाराला मिळणारे जवळजवळ सगळे हक्क मालकाच्या हातून येतात. भविष्यनिर्वाह निधीत अर्धा वाटा मालकाने घालायचा. भरपगारी रजा मालकाने द्यायची. ग्रॅच्युइटीचा कायदा १९७२ साली झाला, त्यात सर्वसाधारण अट अशी की एकाच मालकाकडे सलग पाच वर्षे नोकरी झालेली असावी. आता ज्या माणसाला एका दिवसात पाच धनी भेटतात, त्याने एका धन्याकडे पाच वर्षे कशी दाखवायची?

आमच्या गावचे उदाहरण सांगतो. आमचे गाव पाटण खोऱ्यातले. या खोऱ्यातून मुंबईला ओझी वाहायला जाण्याची चाल फार जुनी. माझ्या भावकीतले दोन सख्खे भाऊ असेच गेले. थोरले अण्णा आधी गेले. धाकटे नाना १९७९ साली त्यांच्या पाठोपाठ गेले. दोघेही एकाच बाजारात, एकाच टोळीत. पोती तीच, थप्पी तीच, घामही तोच. अण्णांच्या नावाची नोंद झालेली होती. नाना मात्र 'बदली' म्हणून उभे राहिले. म्हणजे टोळीतला कोणी सुगीला गावी गेला, आजारी पडला, की त्याच्या जागी नाना. मजुरी त्या माणसाच्या नावावर जमा व्हायची, आणि तो ती नानांच्या हातावर ठेवायचा. रोख पैसा रोज मिळत होता, तक्रार करण्यासारखे काही नव्हते. अशी अठरा वर्षे गेली.

१९९७ साली थप्पीवरून पोते घसरले आणि नानांच्या कंबरेवर आले. ते गावी परतले ते कायमचेच. मी तेव्हा शाळकरी होतो. भरपाईचा अर्ज करायचा म्हणून माझ्या वडिलांनी कागद मागितले, तेव्हा नानांच्या पत्र्याच्या पेटीत एकही कागद निघाला नाही. सबंध टोळी त्यांना ओळखत होती, दप्तर मात्र ओळखत नव्हते. पुढे अण्णा निवृत्त झाले, त्यांना निधीचे आणि ग्रॅच्युइटीचे पैसे मिळाले, त्यातून घरावर स्लॅब पडला आणि विहीर बांधून झाली. नाना एकदा ओट्यावर बसून मला म्हणाले, "अण्णाचं नाव होतं, माझा नुसता खांदा होता." त्यांच्या बोलण्यात भावाविषयी राग नव्हता. पण ते वाक्य माझ्या मनातून गेलेले नाही, आणि म्हणूनच माथाडी मंडळ म्हणजे काय आणि तिथले काम कसे चालते, हे आज आपल्यापुढे मांडावेसे वाटते.

प्रथम थोडा इतिहास पाहू. माथ्यावर ओझे वाहतो तो माथाडी. हीच अडचण आधी मुंबईच्या गोदीत आली होती. जहाज लागले की हजार माणसे हवीत, जहाज नसले की एकही नको. सकाळी गोदीच्या फाटकाशी गर्दी व्हायची, आणि मुकादम ज्याच्याकडे बोट दाखवील त्याच्या घरी त्या दिवशी चूल पेटायची. यावर १९४८ साली गोदी कामगारांच्या रोजगार नियमनाचा कायदा झाला आणि त्याखाली गोदी कामगार मंडळे स्थापन झाली. कामगाराची नोंद मंडळाने ठेवायची, पाळीपाळीने काम मंडळाने द्यायचे, आणि पैसेही मंडळामार्फत द्यायचे, अशी ती रचना होती. मुंबईचे ते मंडळ पुढे बंदराच्या कारभारात विलीन झाले, परंतु त्यातली कल्पना टिकून राहिली.

गोदीच्या बाहेर, मशीद बंदरच्या किराणा बाजारात, लोखंड बाजारात, कापड बाजारात, तशीच हजारो माणसे ओझी वाहत होती. त्यांना मात्र कोणताच कायदा नव्हता. पाटण तालुक्यातूनच मुंबईस गेलेल्या अण्णासाहेब पाटलांनी १९६० नंतरच्या काळात या माणसांना संघटित केले. पुण्यात बाबा आढावांनी त्याआधीच हमाल पंचायत उभी केली होती. मोर्चे निघाले, संप झाले, चौकशी समित्या बसल्या. अखेरीस वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना, १९६९ साली, महाराष्ट्राने माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांचा कायदा केला. या कामगारांना कायद्याने 'असंरक्षित कामगार' असे नाव दिले. नाव थोडे अवघड आहे, पण नेमके आहे.

या कायद्याने 'मालक कोण?' या प्रश्नाला मोठे युक्तीचे उत्तर दिले. शंभर धन्यांतून एक निवडण्याच्या भानगडीत तो पडलाच नाही. त्याने कामगार आणि शंभर धनी यांच्यामध्ये एक मंडळ आणून बसवले. काम कुणाचेही करा. नोंद, पैसा आणि हिशेब मात्र मंडळाकडे. मग कामगाराच्या बाजूने पाहिले तर त्याची सारी नोकरी एकाच ठिकाणी मोजली जाते. आज किराण्याच्या पेढीत, उद्या मसाल्याच्या गोदामात, परवा आणखी कुठे, तरी वर्षे एकाच वहीत पडतात.

हे मंडळ तिघांचे मिळून असते. मालकांचे प्रतिनिधी आणि कामगारांचे प्रतिनिधी संख्येने सारखे, आणि सरकारचे प्रतिनिधी एकूण सभासदांच्या एक तृतीयांशापेक्षा अधिक नाहीत. अध्यक्ष सरकारी प्रतिनिधींपैकी असतो. मुंबईत बाजाराप्रमाणे निरनिराळी मंडळे झाली. लोखंड बाजाराचे वेगळे, किराणा बाजाराचे वेगळे, कापड बाजाराचे वेगळे. पुणे, नाशिक, सांगली, नागपूर अशा ठिकाणीही मंडळे आहेत. बाजार समित्यांची आवारे, रेल्वेचे मालधक्के, लाकडाच्या वखारी, मिठागरे, इतकेच नव्हे तर कारखान्यांतील चढउताराचे कामही कायद्याच्या यादीत येते. मुंबईचे घाऊक बाजार १९८० नंतर टप्प्याटप्प्याने नव्या मुंबईत वाशीला गेले, तशी टोळ्यांची वस्तीही तिकडे सरकली.

आता प्रत्यक्ष काम कसे चालते ते पाहू.

पहिली गोष्ट नोंदणीची. ती दोन्ही बाजूंनी व्हावी लागते. ज्या पेढीला हा कायदा लागू आहे, तिने मंडळाकडे मालक म्हणून नोंद करून आपला क्रमांक घ्यायचा. कामगाराने आपला अर्ज, छायाचित्र, वयाचा आणि राहण्याचा पुरावा देऊन आपली नोंद करायची. नोंद झाली की त्याला क्रमांक आणि ओळखपत्र मिळते. एका बाजूची नोंद असून भागत नाही. कामगाराला क्रमांक आहे पण पेढी नोंदलेली नाही, तर तिथल्या घामाचा हिशेब मंडळाच्या वहीत चढत नाही.

दुसरी गोष्ट टोळीची. हमाल एकटा काम करीत नाही. दोघे पोते उचलून देतात, बाकीचे वाहतात, एकदोघे थप्पी लावतात. म्हणून काम टोळीला नेमून दिले जाते. काही टोळ्या एखाद्या पेढीशी किंवा पेढ्यांच्या गटाशी कायमच्या जोडलेल्या असतात. योजनेत राखीव कामगारांचीही सोय आहे. गरज पडेल तिथे मंडळ त्यांना पाठवू शकते. टोळीचा मुकादम रोजची हजेरी आणि रोजचे काम लिहून ठेवतो: किती पोती, किती टन, कुणाची गाडी.

तिसरी गोष्ट दराची. पोत्यामागे किंवा टनामागे किती मजुरी, हे कामगार संघटना आणि व्यापारी यांच्यात करार करून ठरते, आणि त्याची नोंद मंडळाकडे राहते. गाडी दारात उभी करून घासाघीस करण्याचे कारण उरत नाही. हमालालाही नाही आणि व्यापाऱ्यालाही नाही.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, ती पैशाची. महिना भरला की मालक झालेल्या कामाची सगळी मजुरी मंडळात भरतो. तिच्यावर शेकडा काही रक्कम आणखी भरतो. तिला 'लेव्ही' म्हणतात. मजुरी कामगाराच्या बँकेतल्या खात्यावर जाते. लेव्हीतून भविष्यनिर्वाह निधीतला मालकाचा वाटा, ग्रॅच्युइटी, बोनस, भरपगारी रजा, औषधपाणी आणि मंडळाचा खर्च भागतो. लेव्हीचा दर मंडळागणिक निराळा असतो.

शिक्षकांना हिशेब आवडतो, म्हणून एक मांडून दाखवतो. आकडे केवळ समजण्यासाठी घेतले आहेत. समजा टोळीत १२ माणसे आहेत. महिन्याभरात टोळीची मजुरी २,४०,००० रुपये झाली. सगळ्यांच्या हजेऱ्या मिळून ३०० भरल्या. म्हणजे एका हजेरीला ८०० रुपये पडले. ज्याने २४ दिवस काम केले, त्याची मजुरी १९,२०० रुपये. आता लेव्ही शेकडा ३५ धरा. मालकाने मजुरीशिवाय आणखी ८४,००० रुपये मंडळात भरले. त्यातले ६,७२० रुपये या एका माणसाच्या मजुरीवरचे. हे पैसे तो त्या दिवशी पाहत नाही, पण त्याच्या रजेचे, बोनसचे आणि म्हातारपणाचे पैसे त्यातूनच उभे राहतात. नाना बदली म्हणून उभे राहत, तेव्हा त्यांच्या श्रमावरची लेव्हीही मालक भरतच होता. फक्त ती दुसऱ्याच्या नावावर पडत होती.

आणि मालकाने पैसे थकवले तर? एकट्या हमालाने व्यापाऱ्याच्या दाराशी जाऊन काय करायचे! इथे मात्र वसुली मंडळ करते. कायद्याप्रमाणे थकलेली रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल करता येते. तपासणीसाठी निरीक्षक असतात. कामावर अपघात झाला तर भरपाईचा कायदाही या कामगाराला लागू केलेला आहे. मात्र त्यासाठी तो त्या दिवशी त्या कामावर होता, हे कागदावर दिसले पाहिजे.

हे सारे असले तरी सगळे आलबेल आहे असे सांगितले तर ती आपली फसवणूक होईल. काही व्यापारी नोंद करण्याचेच टाळतात. लेव्ही वाचवण्यासाठी काही जण टोळीला म्हणतात, "निम्मे पैसे रोख घ्या, निम्मे मंडळात भरतो." रोख पैसा हातात खुळखुळतो, म्हणून टोळीही कबूल होते. पण मंडळात निम्मी मजुरी दिसली की ग्रॅच्युइटीही निम्म्यावरच निघते. उलट बाजूनेही तक्रारी आहेत. ओझ्याला हात न लावता माथाडीच्या नावावर पैसे मागणारे लोक निपजले आहेत. कारखानदारांची ही तक्रार खोटी नाही, आणि खऱ्या माथाडीचे त्याने अधिकच नुकसान होते. यावर इलाज एकच. ज्याचे नाव वहीत त्याचेच हात कामावर, आणि ज्याचे हात कामावर त्याचेच नाव वहीत.

शिवाय यंत्रे आली आहेत. माल पेट्यांतून येतो, उचलणाऱ्या गाड्या तो उचलतात. पोतीही हलकी झाली आहेत, आणि ते चांगलेच झाले. पूर्वी १०० किलोचे पोते एका पाठीवर जात असे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९६७ सालीच प्रौढ पुरुषावर ५५ किलोपेक्षा अधिक भार असू नये अशी शिफारस केली होती. काम कमी होईल तसे मंडळापुढे नवे प्रश्न येतील, हे उघड आहे.

परंतु या रचनेतली मूळ कल्पना आज जुनी झालेली नाही. १९८१ साली महाराष्ट्राने खाजगी सुरक्षा रक्षकांसाठी याच धर्तीवर कायदा केला. तिथेही रक्षकाची नोंद मंडळाकडे, आणि रक्षक पुरवायचा मंडळाने. शहरात तुम्ही मोटारसायकलवरून डबे आणि पुडकी पोचवणारी मुले पाहता. त्यांना काम फोनवरून मिळते. सकाळी एका दुकानाचे, दुपारी दुसऱ्या हॉटेलाचे. त्यांचा मालक कोण, हा पुन्हा तोच प्रश्न आहे. राजस्थानने २०२३ साली अशा कामगारांसाठी कायदा केला, त्यात नोंदणी आहे, मंडळ आहे, आणि प्रत्येक व्यवहारामागे थोडी रक्कम कामगारांच्या कल्याणासाठी घेण्याची तरतूद आहे. आपल्या लेव्हीचीच ही नात म्हणा ना!

आता शेवटी, हे वाचणाऱ्या शिक्षकांना आणि गावकऱ्यांना दोन शब्द.

मंडळाच्या दप्तरात माणूस उभा राहतो तो नावावर आणि जन्मतारखेवर. गेल्या वर्षी माझ्या वर्गातला एक मुलगा दाखल्यावर सही घ्यायला आला. त्याचे वडील टोळीत होते, ते वारले. अनेक मंडळांत वारसाला प्राधान्य देण्याची रीत आहे, म्हणून त्याने अर्ज केला होता. पण वडिलांचे नाव मंडळात 'बाळू', शिधापत्रिकेवर 'बाळासाहेब' आणि बँकेत आणखी निराळे. तिन्ही नावांचा माणूस एकच, हे सिद्ध करण्यात घरच्यांचे आठ महिने गेले. तोवर निधीचे पैसेही अडकून राहिले. टोळीत ज्या नावाने हाक मारीत तेच नाव कुणीतरी भाबडेपणाने अर्जात लिहिले होते, एवढीच चूक. गुरुजींनो, शाळा सोडल्याच्या दाखल्यावर आपण जे नाव आणि जी तारीख लिहिता, ती त्या मुलाची आयुष्यभराची ओळख आहे. ती नीट लिहा. आणि गावातून कामाला जाणाऱ्या पोराला सांगा की जिथे जाशील तिथे हेच नाव, ह्याच अक्षरांत लिही.

गावकऱ्यांनी तीन गोष्टी विचाराव्यात. मुलगा ज्या बाजारात काम करतो, तिथे मंडळ आहे का? जिल्ह्याच्या कामगार आयुक्तांच्या कचेरीत हे सांगतात. त्याची स्वतःच्या नावाने नोंद झाली आहे का? आणि दर महिन्याला खात्यावर पडणारी मजुरी त्याच्या हजेऱ्यांशी जुळते का? बदली म्हणून चार महिने काढणे कधी भाग पडते, ते मला कळते. पण चार महिन्यांची चार वर्षे होऊ देऊ नयेत.

गणपतीला किंवा यात्रेला ही मुले गावी येतात. नवे कपडे, हातात फोन, खिशात चार पैसे. आपण कौतुकाने विचारतो, "काय रे, बरं चाललंय ना? मिळतात किती?" यंदा त्याच्या जोडीला आणखी एक प्रश्न विचारा: "बाळा, तुझा नोंदणी क्रमांक काय?" तो गप्प राहिला, तर त्याला ओट्यावर जवळ बसवून घ्या, आणि आमच्या नानांची हकिकत सांगा.